गुलाम इसाप आणि त्याच्या कथेचा प्रवास

ज्यांनी माणसे विकत घेतली त्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली. जी माणसे विकली गेली, त्यांची नावे बहुधा त्यांच्याबरोबरच मातीत गेली. प्राचीन ग्रीस देश तत्त्वज्ञानासाठी, शिल्पांसाठी आणि लोकसभांसाठी आजही गौरविला जातो. परंतु त्या वैभवाचा मोठा भार गुलामांच्या खांद्यांवर होता, हेही तितकेच खरे. त्या असंख्य अनाम माणसांपैकी एकाचे नाव मात्र सव्वीस शतके लोटली तरी जगाच्या ओठांवर आहे. ते नाव इसापाचे. त्याच्या कथा आपण सर्वांनी बालपणी वाचल्या आहेत. त्या कथा सांगणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्याचे चरित्र आणि त्याच्या एका कथेचा भाषांतरांतून झालेला प्रवास ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

इसापाविषयीचा जुना आणि विश्वासार्ह उल्लेख इतिहासकार हेरोडोटस याच्या ग्रंथात आढळतो. हेरोडोटस इ. स. पूर्व पाचव्या शतकातला. इजिप्तचे वर्णन करताना तो ऱ्होडोपिस नावाच्या एका थ्रेसदेशीय दासीची हकिकत सांगतो आणि त्या ओघात इसापाचे नाव घेतो. सामोस बेटावरील इयाडमॉन नावाच्या गृहस्थाच्या घरी हे दोघेही गुलाम होते. ऱ्होडोपिस पुढे इजिप्तमध्ये गेली तो काळ आमासिस राजाचा, म्हणजे इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या मध्याचा. यावरून इसापाचा काळही तोच ठरतो. विशेष असे की, हेरोडोटस त्याला कथाकार म्हणूनच ओळखतो. म्हणजे मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांतच त्याची ही ओळख ग्रीक जगात पक्की झालेली होती.

त्याच्या जन्मगावाबद्दल प्राचीनांमध्येच मतभेद होते. एका जुन्या परंपरेने त्याला काळ्या समुद्राच्या काठच्या थ्रेस प्रांतात जन्माला घातले. नंतरच्या लेखकांनी त्याला आशिया मायनरमधील फ्रिजियाचा रहिवासी ठरवले. दोन्ही परंपरांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. तो ग्रीकांच्या दृष्टीने परका होता आणि गुलाम म्हणून त्यांच्यात आला होता. ज्या भाषेत त्याने कीर्ती मिळवली ती बहुधा त्याची मातृभाषाही नव्हती.

सामोसमधील त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात नमूद केला आहे. सामोसच्या एका लोकनेत्यावर प्राणदंडाचा खटला चालला होता आणि इसाप त्याच्या बाजूने सभेपुढे उभा राहिला. त्याने युक्तिवादाऐवजी एक कथा सांगितली. नदी ओलांडताना एक कोल्हा घळीत अडकला आणि त्याच्या अंगाला असंख्य गोचिडी चिकटल्या. तेथून जाणाऱ्या काटेरी अंगाच्या एका लहान प्राण्याला त्याची दया आली व त्याने गोचिडी काढून टाकण्याची तयारी दाखवली. कोल्ह्याने नकार दिला. या गोचिडी आता पोट भरल्यामुळे थोडेच रक्त पितात. या काढल्या तर दुसऱ्या भुकेल्या येतील आणि उरलेले रक्तही शोषून घेतील, असे त्याचे म्हणणे पडले. मग इसापाने सभेला सुचवले की हा नेता पुरेसा श्रीमंत झालेला आहे; याला मारलेत तर दुसरे दरिद्री येतील आणि तिजोरी रिकामी करतील. ज्याचा त्याने बचाव केला त्याची त्याने स्तुती केली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भरसभेत नेत्याला गोचीड ठरवूनही त्याचा जीव वाचवण्याचा प्रयत्न करणारा हा माणूस किती निर्भय आणि किती चतुर असला पाहिजे!

इतिहासाने दिलेले धागे एवढेच. लोकांचे मात्र एवढ्यावर समाधान झाले नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत ग्रीक भाषेत इसापाचे एक चरित्र रचले गेले. ते इतिहास नव्हे, लोककथाच होय. तरीही गोरगरिबांनी त्याला कोणत्या रूपात पाहिले हे त्यातून समजते. या चरित्रातला इसाप अतिशय कुरूप आहे, पोट सुटलेला आहे आणि जन्मतः मुका आहे. त्याला बोलता येत नाही याचा फायदा घेऊन सोबतचे गुलाम मालकाची अंजिरे खातात आणि आळ त्याच्यावर घालतात. इसाप खुणेने थोडा वेळ मागतो, कोमट पाणी पितो आणि घशात बोटे घालून ओकून दाखवतो. पोटातून केवळ पाणी पडते. मग तो इतरांनाही तेच करायला लावतो आणि चोरी उघडी पडते. पुढे वाट चुकलेल्या एका पुजारिणीला तो अन्नपाणी देऊन मार्ग दाखवतो, तेव्हा इसिस देवता प्रसन्न होऊन त्याला वाणी देते. वाणी मिळताच पहिली गोष्ट तो काय करतो? गुलामांना विनाकारण मारणाऱ्या मुकादमाला जाब विचारतो. त्या अपराधाबद्दल त्याला विक्रीला काढले जाते आणि तो सामोसच्या झांथस नावाच्या तत्त्वज्ञाच्या घरी येतो.

झांथस आणि इसाप यांच्या गोष्टी अत्यंत मनोरंजक आहेत. पाहुण्यांसाठी जगातील सर्वांत उत्तम वस्तू रांधण्याची आज्ञा होताच इसाप जिभा शिजवतो, कारण विद्या, कायदा आणि स्नेह हे सारे जिभेमुळेच चालते. दुसऱ्या दिवशी सर्वांत वाईट वस्तू मागितली जाते आणि तो पुन्हा जिभाच वाढतो, कारण कलह, कपट आणि युद्ध यांचे मूळही तिथेच आहे. एकदा स्नानगृहात किती माणसे आहेत ते पाहून ये, असे मालक त्याला सांगतो. इसाप परत येऊन एकच माणूस असल्याचे कळवतो. मालक जाऊन पाहतो तर तेथे तुडुंब गर्दी! तेव्हा इसाप खुलासा करतो की दारात एक धोंडा पडला होता. येणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळत होता, शिव्या देत होता आणि पुढे जात होता. तो उचलून बाजूला ठेवणारा माणूस त्याला एकच दिसला. अखेरीस सामोसवासीयांना पडलेल्या एका अपशकुनाचा अर्थ सांगण्याच्या बदल्यात तो आपले स्वातंत्र्य मिळवतो.

स्वतंत्र झाल्यावर इसाप लिडियाच्या क्रीसस राजाच्या पदरी गेला, अशी परंपरा आहे. या राजाच्या संपत्तीची त्या काळी सर्वत्र ख्याती होती. प्लूटार्क या लेखकाने दिलेली हकिकत अशी की, क्रीससने इसापाला पुष्कळ सोने देऊन डेल्फीला पाठवले. डेल्फी हे अपोलो देवाचे महाक्षेत्र. राजेरजवाडे तेथे कौल लावण्यासाठी येत आणि तेथील लोक देवस्थानाच्या उत्पन्नावर जगत. देवाला बळी अर्पण करावा आणि प्रत्येक डेल्फीवासीयाला चार मिना द्रव्य वाटावे, अशी राजाची आज्ञा होती. तेथे इसापाचे आणि लोकांचे बिनसले. त्याने बळी अर्पण केला. पण हे लोक दानास पात्र नाहीत असे ठरवून उरलेले धन सार्डिसला परत पाठवून दिले. डेल्फीकरांनी त्याच्यावर देवद्रव्य चोरल्याचा आरोप ठेवला. कथा-चरित्रात तर असे सांगितले आहे की त्यांनीच मंदिरातील सोन्याचे पात्र त्याच्या सामानात लपवले आणि वाटेत गाठून त्याला पकडले. हायाम्पिया नावाच्या कड्यावरून लोटून त्याला मारण्यात आले. परंपरा या मृत्यूचे वर्ष इ. स. पूर्व ५६४ असे सांगते. क्रीसस गादीवर आला तो त्यानंतर, इ. स. पूर्व ५६० च्या सुमारास. तेव्हा तपशिलांत गफलत आहे हे उघड आहे. मात्र डेल्फीच्या लोकांनी त्याचा जीव घेतला ही गोष्ट हेरोडोटसलाही माहीत होती.

मृत्यूच्या दारात उभे असताना इसापाने डेल्फीकरांना शेणकिड्याची कथा सांगितली, असे म्हणतात. इ. स. पूर्व ४२२ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकात या प्रसंगाचा उल्लेख आहे. म्हणजे प्रेक्षकांना तो तोंडपाठ असला पाहिजे. गरुडाने पाठलाग केलेला ससा शेणकिड्याला शरण येतो. शेणकिडा गरुडाला देवाची शपथ घालतो. पण गरुड त्या क्षुद्र कीटकाला तुच्छ लेखून सशाला खाऊन टाकतो. तेव्हापासून शेणकिडा गरुडाच्या घरट्यात जाऊन त्याची अंडी ढकलून फोडू लागतो. गरुड शेवटी देवाधिदेव झ्यूसच्या मांडीवर अंडी घालतो. शेणकिडा तेथेही उडत जातो आणि शेणाची गोळी टाकतो. ती झटकण्यासाठी झ्यूस उठतो आणि अंडी खाली पडून फुटतात. दुबळ्याला कोणी वाली नाही असे समजून त्याच्यावर अन्याय करू नये, एवढाच त्या कथेचा इशारा होता. डेल्फीकरांनी तो ऐकला नाही.

पण पुढे काय झाले? हेरोडोटस सांगतो की, देवाच्या कौलानुसार डेल्फीकरांना इसापाच्या वधाची भरपाई देण्याची वारंवार दवंडी पिटावी लागली. प्लूटार्कच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्यावर नापिकी आणि विचित्र रोगराई कोसळली होती. भरपाई घ्यायला कोण येणार? गुलामाला वारस नसतो. अखेर तिसऱ्या पिढीत इयाडमॉनचा नातू, त्याचेही नाव इयाडमॉनच, पुढे आला आणि त्याने ती स्वीकारली. या शेवटातली विसंगती मनाला बोचल्याशिवाय राहत नाही. इसापाच्या रक्ताची किंमत मिळाली ती त्याला विकत घेणाऱ्या घराला.

आता त्याच्या नावाने चालत आलेल्या एका कथेकडे वळू. लांडगा आणि कोकरू यांची ही कथा. ओढ्यावर पाणी पिणारे कोकरू पाहून लांडग्याला त्याला खावेसे वाटते. पण त्यासाठी त्याला काहीतरी सबळ कारण हवे असते. तो वरच्या बाजूला उभा राहून पाणी गढूळ केल्याचा ठपका कोकरावर ठेवतो. कोकरू नम्रपणे सांगते की आपण केवळ ओठांनी पाणी पितो आणि शिवाय आपण खालच्या बाजूला आहोत. मग लांडगा गेल्या वर्षी बापाला शिवी दिल्याचा आरोप करतो. गेल्या वर्षी तर आपला जन्मही झाला नव्हता, असे कोकरू सांगते. शेवटी लांडगा कबूल करतो की तुझी उत्तरे कितीही बिनतोड असली तरी मी तुला खाणारच. डेल्फीच्या मंदिरातले सोन्याचे पात्र आणि ओढ्याचे गढूळ पाणी यांत फरक तो काय? दोन्हीकडे शिक्षा आधी ठरली होती आणि गुन्हा मागाहून शोधण्यात आला होता.

इसापाने स्वतः काही लिहून ठेवल्याचा पुरावा नाही. कथा मुखोमुखी चालत आल्या. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिस तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत होता, तेव्हा त्याने इसापाच्या कथांना पद्यरूप दिले, असे प्लेटोने नोंदवले आहे. सुमारे इ. स. पूर्व ३०० मध्ये फालेरोनच्या देमेत्रिअसने त्यांचा संग्रह केला. तो आज उपलब्ध नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये फीड्रसने त्या लॅटिन पद्यात आणल्या आणि आपल्या पहिल्या पुस्तकाचा आरंभच लांडगा आणि कोकरू या कथेने केला. फीड्रस हा स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूस होता. गुलामाला मनातले उघड बोलण्याची सोय नव्हती म्हणून त्याने ते कथांच्या आडून सांगितले, असे प्राणिकथेच्या जन्माचे कारण त्यानेच दिले आहे. अथेन्सच्या लोकांनी इसापाचा पुतळा उभारून एका गुलामाला चिरंतन आसन दिले, हेही तो अभिमानाने सांगतो. सम्राट टायबेरिअसचा प्रबळ अधिकारी सेजानस याच्या रोषाला फीड्रसला तोंड द्यावे लागले. त्या खटल्यात सेजानस स्वतःच फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश झाला, अशी त्याची तक्रार आहे. लांडग्याची गोष्ट सांगणाऱ्याला लांडगा भेटला तो असा.

भाषांतरात या कथेत झालेले बारीक बदल फार बोलके आहेत. ग्रीक कथेत कोकराने लांडग्याच्या बापाला शिवी दिल्याचा आरोप आहे. फीड्रसच्या लॅटिन कथेत लांडगा सहा महिन्यांपूर्वीची निंदा उकरून काढतो आणि कोकरू तेव्हा जन्मलेच नव्हते असे कळताच, मग तुझ्या बापाने निंदा केली असेल, असे म्हणून त्याला फाडतो. १६६८ मध्ये फ्रान्सच्या ला फाँतेनने हीच कथा सांगितली, तेव्हा आरोप आणखी पसरला. तू नसशील तर तुझा भाऊ असेल. भाऊ नसेल तर तुमच्यापैकी कोणीतरी असेल. तुम्ही, तुमचे मेंढपाळ आणि तुमचे कुत्रे सारे एकच, असा लांडग्याचा कांगावा आहे. एका जिवाचा अपराध सिद्ध होत नाही तेव्हा साऱ्या कुळाला, साऱ्या जमातीला अपराधी ठरवायचे, ही जुलमाची जुनी रीत ला फाँतेनने नेमकी पकडली. त्याचा आश्रयदाता फूके याला १६६१ मध्ये राजा चौदाव्या लुईने कैद केले होते, आणि ला फाँतेनने कथांचे हे पहिले पुस्तक अर्पण केले ते त्याच राजाच्या लहान मुलाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियाच्या क्रिलॉवने ही कथा लिहिली. तिच्यात लांडगा शेवटी सरळच सांगून टाकतो की मला भूक लागली आहे हाच तुझा अपराध. भूदासांच्या त्या देशात हे वाक्य कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

आपल्या भूमीतही या कथेला एक बहीण आहे. पाली जातकांमध्ये ४२६ क्रमांकाचे दीपि जातक आहे. तेथे लांडग्याच्या जागी बिबट्या आणि कोकराच्या जागी शेळी आहे. कळपापासून मागे राहिलेली शेळी बिबट्याला मामा म्हणून गोड शब्दांत कुशल विचारते. बिबट्या तिच्यावर शेपटी तुडवल्याचा आरोप करतो. मी तर समोरून आले आणि शेपटी मागे असते, असे शेळी म्हणते. त्यावर, माझी शेपटी साऱ्या पृथ्वीवर पसरली आहे, असे उत्तर मिळते. आपण आकाशातून आलो, असे सांगून शेळी सुटू पाहते, तर आकाशातून येऊन माझे भक्ष्य भेदरवले, हा नवा आरोप तयारच असतो. सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव, सिंहाच्या घशातले हाड काढणारा पक्षी, सोन्याची पिसे देणारा हंस यांच्या कथाही जातकांत आहेत आणि त्यांची भावंडे इसापाच्या संग्रहात भेटतात. कोणी कोणाकडून काय घेतले यावर विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालू आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील भरहुतच्या शिल्पांत जातककथा कोरलेल्या दिसतात, त्या अर्थी या कथाही आपल्याकडे फार जुन्या आहेत. दोन दूरच्या देशांत दुबळ्यांनी एकच अनुभव घेतला आणि तो एकाच रीतीने सांगितला, एवढे तर निश्चित म्हणता येते.

छपाईची कला आल्यावर इसापाचा प्रवास वेगाने झाला. १४७६ च्या सुमारास जर्मनीतील उल्म शहरी श्टाइनह्योवेलने लॅटिन आणि जर्मन भाषांत चित्रांसह संग्रह छापला. त्यावरून फ्रेंच आणि फ्रेंचवरून विल्यम कॅक्स्टनने १४८४ मध्ये इंग्रजी पुस्तक काढले. १५९३ मध्ये जपानच्या आमाकुसा येथे जेझुइट धर्मोपदेशकांनी जपानी भाषांतर रोमन लिपीत छापले. पुढे जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तरी इसापाच्या कथा जपानी लिपीत वाचल्या जातच राहिल्या. प्रत्येक देशाने त्यांना आपला पेहराव दिला. मुंगीच्या दारी आलेला ग्रीक कथेतला गायक कीटक सिकाडा होता; उत्तर युरोपात तो टोळ झाला, आणि आपल्या मुलांनाही तो टोळ किंवा नाकतोडा म्हणूनच परिचित आहे.

मराठीत इसाप आला तो आधुनिक मराठी गद्याच्या पहाटेस. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सख्खन पंडितांचे भाषांतर छापले गेले. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची इसापनीतिकथा मुंबईत प्रसिद्ध झाली आणि नव्याने निघालेल्या शाळांतील मुलांच्या हाती पडली. विदुरनीती, चाणक्यनीती या मालिकेत इसापनीती हा शब्द सहज जाऊन बसला. मंत्र्यांच्या आणि आचार्यांच्या पंक्तीला एका विकल्या गेलेल्या गुलामाचे नाव बसवले गेले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. कोल्ह्याला द्राक्षे आंबट ही म्हण तर आज खेड्यापाड्यांत अशी रुळली आहे की ती परदेशातून आली याची आठवणही कोणाला राहिलेली नाही.

मात्र बालवाङ्मय म्हणून स्थिरावताना या कथांची धार काहीशी बोथट झाली. शेवटी जोडलेले तात्पर्य मुले पाठ करतात आणि कथा संपते. जुन्या संग्रहांवरून दिसते की अशी तात्पर्ये पुष्कळदा संग्राहकांनी मागाहून जोडलेली आहेत. सामोसच्या सभेत किंवा डेल्फीच्या कड्यावर इसाप मुलांशी बोलत नव्हता. ज्यांच्या हाती न्याय होता अशा प्रौढ माणसांशी तो बोलत होता. म्हणून पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी लहानांना लांडग्याची कथा सांगताना तात्पर्याची घाई करू नये. लांडग्याला कारण शोधण्याची गरज का वाटली, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. बळ असूनही त्याला न्यायाचे सोंग आणावे लागले, याचा अर्थ न्यायाची चाड जगात कोठेतरी शिल्लक आहे हे लांडग्यालाही ठाऊक होते.

आणि कोकराचे काय? ते वाचले नाही. तरीही त्याने प्रत्येक खोट्या आरोपाला खरे उत्तर दिले, आणि ती उत्तरे ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, रशियन, जपानी, मराठी अशा भाषांतून आजवर ऐकू येत आहेत. ज्या इसापाला कड्यावरून लोटले, त्याचे नाव आज घराघरांत आहे; ज्यांनी लोटले त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणाला सांगता येत नाही. शिक्षणाने माणसाला वाणी मिळते. मिळालेली वाणी कशासाठी वापरावी, याचा धडा या गुलामाच्या चरित्रात आहे. जाब विचारण्यासाठी, आळ आलेल्याची बाजू मांडण्यासाठी आणि सर्व जण ठेचकाळत असलेला वाटेतला धोंडा उचलून बाजूला ठेवण्यासाठी ती वापरली जावी, हीच या कथाकाराला खरी आदरांजली ठरेल.